आत्यानं कुस्करलेली भाकरी

माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा वास आला की हिर्डोशीची आत्या आठवते. अंगावर कोड, म्हणून तिला वर्षानुवर्षं आतल्या खोलीतच ठेवलेलं. हाडं ठणकू लागली तेव्हा मी तिला भोरला नेलं. डॉक्टर म्हणाले, “शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलंय, हे कुणाला लागत नाही. पण ड जीवनसत्त्व पार कमी झालंय. या गोळ्या द्या, कोवळ्या उन्हात बसवा.” दुसऱ्या सकाळी ती अंगणात बसली, तसा चुलता खेकसला, “आत हो! पोरीची सोयरीक मोडंल.” मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. आत्या हरखली, तिनं दुधात भाकरी कुस्करून माझ्यापुढं ठेवली. तिची पांढरी बोटं बघून मला शिसारी आली. मी ती गुपचूप कुत्र्याला घातली. तिनं पाहिलं. “ऱ्हाऊ दे रं, सवय हाय मला,” म्हणत ती आत गेली. त्यानंतर तिनं मला कधी वाढलं नाही, आणि मला अजून माझीच किळस येते.