द्यायची बॅग

टिपणिसांच्या घरात बॅगा भरायचा मान रवींद्रचा. न्यूझीलंडात, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला येऊन नवंनवं असताना विभावरीने एकदा स्वतः बॅग भरली होती, तर हा माणूस ती सगळी उपसून पुन्हा भरायला बसला. तेव्हा तिने जे हात जोडले ते कायमचेच. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. कुठे फट दिसली की ती बुजवायची, हा स्वभाव. बुटांत मोजे, मोज्यांत औषधाच्या बाटल्या, आणि शेवटी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून त्यावर बॅग कवटाळून उभं राहायचं. आकडा बघायला विभावरीने वाकायचं.

बॅगा नेहमी दोन. एक आपली आणि एक द्यायची. आपली म्हणजे नावापुरती, चार कपडे कोंबले की झाली. द्यायची बॅग मात्र कितीतरी आधीपासून पलंगाखाली भरत यायची. तिकडच्या मनुका नावाच्या झाडाच्या फुलांचा मध धाकट्या भावाला, चारुदत्तला. चॉकलेटं त्याच्या पोरांना. लोकरीचे हातमोजे कुणाला ते देवच जाणे, ठाण्यात हातमोजे घालून काय करणार माणूस! आणि सगळ्यांत वर, पातळ कागदात गुंडाळलेल्या, आईंच्या सपाता. मेंढीच्या कातड्याच्या, आतून लोकर असलेल्या.

साखरेच्या आजाराने आईंच्या पायांची जाणीव गेली होती आणि पाय कायम गार पडायचे. त्यामुळे ऐन मे महिन्यात, पंखा फुल्ल सोडून, नौपाड्यातल्या त्या फ्लॅटभर त्या लोकरीच्या सपाता घालून फिरायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "हसा, हसा. माझ्या रवीने आणल्यात." दर खेपेला नवा जोड. लोअर हटमधली दुकानवाली बाईसुद्धा त्याला दारात बघितलं की माओरीत नमस्कार घालून विचारायची, "किया ओरा रवी, साइझ फाइव्ह?"

आणि परतीचाही एक रिवाज होता. वेलिंग्टनला उतरलं की सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून त्याने फोन लावायचा. "आई, पोचलो गं." तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, "पोचलास ना? आता आधी काहीतरी खाऊन घे." मग बॅगा यायच्या.

वीसेक वर्षं असंच चाललं. रजा साठवायची आणि ठाण्याला नेऊन संपवायची. ओळखीपाळखीचे लोक फिजीला जाऊन आले, बालीला जाऊन आले, फोटो दाखवून गेले. विभावरी काही संतीण नव्हती. तिला राग यायचा आणि ती बोलूनही दाखवायची. "अहो, एकदा तरी अशा गावी जाऊ, जिथे आपलं काळं कुत्रंही ओळखीचं नाही. सकाळी उठून कुणाकडे जेवायला जायचं नाही, कुणाला वाकून नमस्कार करायचा नाही. नुसतं बसायचं." रवींद्र म्हणायचा, "जाऊ की. आई आहे तोवर..." आणि तिथेच थांबायचा. पुढचं अभद्र कोण बोलणार?

आई गेल्या त्या २०१८च्या मार्चमध्ये. वेलिंग्टनहून ऑकलंड, तिथून सिंगापूर, तिथून मुंबई. दोघं ठाण्याला पोचेपर्यंत चारुदत्तने सगळं उरकलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, किती वेळ थांबणार? रवींद्रच्या हातात आला तो तांब्याचा कलश. त्याने तो नीट धरला, नाशिकला नेला, सगळं यथासांग केलं. डोळ्यांत टिपूस नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि हात जोडून मागे सरकतात न सरकतात तोच कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "समाधानाने गेली हो माउली," लोक म्हणाले, "काही इच्छा मागे राहिली नाही." विभावरीचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी भर सभेत थोबाडीत मारलीय. तिला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

वेलिंग्टनला परत उतरल्यावर त्याने पट्ट्याशी उभं राहून फोन बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि खिशात ठेवून दिला. त्या दिवसापासून हा माणूस मुका झाला. म्हणजे बोलायचा, पण कामापुरतं. दूध संपलंय. गाडीचं फिटनेसचं वॉरंट काढायचंय. संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन बसायचा आणि तिथे काहीही दुरुस्त करायचा नाही. बोलेल, रडेल, चिडेल, काहीतरी करेल म्हणून विभावरीने सबंध हिवाळा वाट बघितली. मग मात्र ती घाबरली. समोर बसून जेवणारा माणूस हळूहळू हातचा चाललाय आणि आपण नुसते बघतोय, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला.

ऑकलंडला असलेल्या मुलाला, शार्दूलला, तिने फोन केला. तो आपला नेहमीप्रमाणे इंग्रजीत म्हणाला, "मम, जस्ट टेक हिम समव्हेअर. एनीव्हेअर. नॉट इंडिया."

तिने व्हिएन्ना निवडलं. का, तर तिथल्या कॉफीघरांत एका कपावर दुपारभर बसलं तरी कुणी उठवत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. डिसेंबरात, नाताळ धरून, एकाच शहरात तीन आठवडे. धावपळ नाही, बघायच्या स्थळांचा हिशेब नाही. रवींद्र "बरं" म्हणाला. शेजारच्या केरनने "हॅव हीप्स ऑफ फन" म्हणून निरोप दिला, त्यालाही "बरं"च म्हणाला असता, इतकं ते तोंडात बसलं होतं. बॅगा त्याने भरल्या. काट्यावर चढला, विभावरीने वाकून आकडा वाचला. बॅगा दोन होत्या. थंडीचा देश, जाड कपडे, दोन लागणारच; तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

व्हिएन्नातला भाड्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. उंच खिडक्या, खाली ट्राम, आणि बाहेर अशी थंडी की लोअर हटचा बर्फाळ दक्षिणी वारा त्यापुढे झुळूक म्हणावा. पहिल्याच सकाळी रवींद्र अंघोळीला गेलेला असताना विभावरीने आतून घालायचे गरम कपडे शोधायला म्हणून दुसऱ्या बॅगेची चेन ओढली. हातभर उघडली आणि ती तशीच थांबली.

वर पातळ कागद होता. कागदाच्या फटीतून लोकर दिसत होती. खाली मधाच्या बरण्या, चॉकलेटं, हातमोजे. सगळं जागच्या जागी, दर वेळेसारखं.

तिने चेन लावली आणि पलंगावर बसून राहिली. हा माणूस विसरला? की याच्या डोक्यात काही झालंय? डॉक्टरला दाखवायचं का? कुठल्या तोंडाने विचारायचं? तो अंघोळ करून आला, तिच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि बॅग पायाने पलंगाखाली सारली. म्हणाला, "चल, बाहेर पडू." म्हणजे विसरला नव्हता. ते जास्त भीतिदायक होतं.

पुढचे दिवस दोघं हिंडले. अंगात दोन-दोन स्वेटर, कारण आतून घालायचे गरम कपडे लोअर हटच्या कपाटातच होते. बर्फ भुरभुरायचा. दुपारी कॉफीघरात बसायचे. काळ्या कोटातला वेटर चांदीच्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा ग्लास आणून ठेवायचा. कॉफी संपली की रवींद्र लगेच उठायला बघायचा, लोक खोळंबले असतील म्हणून. विभावरी हात धरून त्याला खाली बसवायची. "बसा. बसायलाच आलोय." मग तो बसायचा, आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. जन्मभर जिची वाट बघितली ती सुट्टी समोर होती, आणि विभावरीचा केक तसाच ताटलीत राहायचा. दोघांच्या मध्ये ती बॅग होती. कोण आधी बोलणार एवढाच प्रश्न होता.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ते फिरून आले तर दुकानांची दारं बंद. त्यांना वाटलं, संध्याकाळी उघडतील. लोअर हटच्या कोपऱ्यावरचा डेअरीवाला पटेल नाताळच्या दिवशीही अर्धं शटर वर करून दूध-ब्रेड देतो. त्याच भरवशावर ही मंडळी निर्धास्त. पण हे व्हिएन्ना. सणाचे दोन दिवस दुकानांना टाळं म्हणजे टाळंच. पंचवीस तारखेला सकाळी फ्रिजमध्ये अर्धं लिंबू होतं. दोघं नेहमीच्या कॉफीघरापर्यंत चालत गेले, तेही बंद. उघडी होती ती हॉटेलं आधीच भरलेली. गारठून परत आले तेव्हा विभावरीच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि सहनशक्तीही संपली होती.

कोट न काढताच ती म्हणाली, "ती दुसरी बॅग काढा बाहेर."

"कुठली?"

"आता उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. तुम्हालाही माहितीय आणि मलाही माहितीय. मला भूक लागलीय."

रवींद्र गुडघ्यांवर बसला, बॅग ओढली, चेन उघडली. एकेक वस्तू बाहेर काढून फरशीवर मांडायला लागला. "हा मध चारूचा," तो म्हणाला. "ही चॉकलेटं पोरांची." हातमोजे काढले, ते कुणाचे ते सांगितलं नाही. सपातांचा कागद सोडला आणि जोड हातात धरून बसून राहिला.

"भरताना कळलं नव्हतं का हो?" विभावरीने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"कळलं होतं. काट्यावर चढलो तेव्हा कळलं. आधी हात आपोआप चालले. दुकानात गेलो, त्या बाईने साइझ फाइव्ह म्हटलं, मी हो म्हटलं. काट्यावर बॅग धरून उभा होतो आणि एकदम लक्षात आलं, हे कुणाला?" त्याने सपाता उलट्यासुलट्या केल्या. "पण मग बाहेर काढवेना. बाहेर काढल्या असत्या तर ती खरंच गेली असती, विभा."

विभावरी त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"कावळा लगेच शिवला," तो म्हणाला. "तू होतीस ना? सगळे म्हणाले, काही इच्छा राहिली नाही. मी पोचलो नाही, तिचं तोंड बघितलं नाही, आणि तिची काही इच्छा राहिली नाही? मला एकदा बघावं, एवढीसुद्धा?"

अस्सं! घाटावरचा तो चेहरा तिला आत्ता कळला. इतके महिने हा माणूस हे एकटा गिळून बसला होता. तिला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर संतापही आला, वीस वर्षांचा साठलेला संताप. दोन्ही एकदमच तोंडून बाहेर पडलं.

"इच्छा राहील कशी? तुम्ही राहू दिलीत का? जेव्हा जेव्हा रजा मिळाली तेव्हा उठून गेलात. आपली एकूण एक सुट्टी नेऊन त्यांच्या पायांशी ठेवलीत. तुमची ठेवलीत, माझीही ठेवलीत. मला विचारलंत कधी? माझेही पाय गार पडतात, दिसले तुम्हाला कधी? मग आता तरी म्हणू नका हो, की त्यांचं पोट भरलं नव्हतं. भरलं होतं. तुम्हीच भरलंत. माझ्या वाटणीतलं काढून भरलंत, मला चांगलं माहितीय."

त्याची मान खाली गेली. त्याने तिचे ओले बूट काढले, मोजे काढले, आणि तिचे गारठून लाल झालेले पाय दोन्ही हातांत धरले. सपाता घालायला लागला. त्या बसेनात. आईंचा पाय लहान, विभावरीचा चांगला मोठा. तो ढकलत राहिला, टाच काही केल्या आत जाईना, आणि ढकलता ढकलता त्या पायांवर डोकं ठेवून हा साठीला टेकलेला माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. विभावरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीही रडली. खाली रिकामी ट्राम गेली.

बऱ्याच वेळाने तिने मधाची बरणी उघडली. चमचा एकच हाताशी होता. आधी त्याने खाल्लं, मग तिने. मग पोरांची चॉकलेटं फोडली. "चारूला काय सांगायचं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "सांगा, वहिनीने खाल्लं." मार्चनंतर पहिल्यांदा तो हसला.

राहिलेले दिवस ते नुसते बसले. तो आईबद्दल बोलायचा, ती ऐकायची. कधी ती आईंबद्दल बोलायची, त्यातलं सगळंच काही गोड नसायचं, आणि तो ऐकायचा. कॉफी संपली तरी उठायचा नाही. फ्लॅटमध्ये विभावरी सपातांची मागची बाजू चेपून, टाचा बाहेर काढून फटक फटक करत फिरायची. परतीला बॅगा त्यानेच भरल्या. द्यायची बॅग रिकामी झाली होती, ती मोठ्या बॅगेत घालून टाकली.

वेलिंग्टनला उतरले तेव्हा उन्हाळ्याची लख्ख सकाळ होती. विमानात घातलेल्या सपाता तिने काढल्याच नव्हत्या. न्यूझीलंडात माणसं सुपरमार्केटातही अनवाणी फिरतात, तिच्या टाचांकडे कोण बघतंय! पट्टा सुरू झाला. रवींद्रने सवयीने फोन बाहेर काढला. त्याने फोनकडे बघितलं, तो खिशात ठेवला आणि तिच्याकडे वळला.

"विभा," तो म्हणाला, "पोचलो गं."

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते मागे सारलं. ते ज्यांचं होतं त्यांच्याजवळच राहू दे.

"मी पण पोचले हो," ती म्हणाली.