चित्राची मागची बाजू

शारजाच्या माझ्या फ्रेमच्या दुकानात आज खळ शिजवताना त्या वासाने वीसेक वर्षांपूर्वीची जपानी बाई आठवली. तिच्या नाजूक कागदासाठीही अशीच खळ केली होती. तिचा नवरा महायुद्धानंतर कुठल्याही संस्थेत न शिरता घरीच लाकडी ठसे कोरायचा, त्यांवरून चित्रं स्वतःच छापायचा. तो नुकताच गेला होता.

"ही बाजू काचेखाली हवी," ती म्हणाली.

"मॅडम, ही मागची आहे."

छापताना ठशावर कागद ठेवून मागून हाताने घासल्याच्या गोल खुणा तिने दाखवल्या. "चित्राच्या प्रती पुष्कळ आहेत. इथे त्याचा हात फिरलाय."

मला तेव्हा ते विचित्रच वाटलं.

आता परवा माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध आहे. तिने भरतकाम केलेला रुमाल मी आज फ्रेमला घेतला.

"पप्पा, राँग साइड," मुलगी म्हणाली.

"असू दे," म्हटलं आणि तिच्या दोऱ्याच्या गाठींवर काच ठेवली.