नातालीन आंटीची भरती

नातालीन आंटी सकाळी भिंतीवरच्या येशूसमोर क्रुसाची खूण करायची आणि लगेच शेजारच्या दिनदर्शिकेत तिथी बघायची. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला पुरी भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा जुना हिशेब. मग पाणी चढायची वेळ झाली की काचेच्या टाकीपाशी जाऊन एक खटका दाबायची आणि टाकीत भरती सुरू व्हायची.

टाकीत चिखल, एक दगड आणि चार निवट्या होत्या. निवटी म्हणजे खाडीतला डोळे वर आलेला मासा. ओहोटी लागली की तो चिखलावर चक्क चालतो आणि हवेत श्वास घेतो.

मी पहिल्यांदा तिच्या कोपरीतल्या घरी गेले ती पत्रक वाटायला. ठाकुर्लीला आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील गिरणीच्या गेटवर ती वाटत, मी त्यांवरच अक्षरं गिरवली. त्या दिवशीच्या पत्रकाचा मथळा होता, 'ठाण्याची खाडी मेली आहे!' आंटीने चष्मा लावून तो वाचला.

"कधी मेली? मयताला बोलावलं नाय ते मला?" ती म्हणाली. "आत ये गो, दाखवते."

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं मदतनीस म्हणून काढली होती. बाजारचा पंप तिला पसंत नव्हता, कारण त्याचं पातं पाण्यातल्या बारीक जिवांचा चेंदा करतं. म्हणून तिने स्वतःच पंप केला. भंगारातली वायपरची मोटर, तिच्यावर लाकडी चकती, चकतीला प्रवासी बॅगेची तीन चाकं आणि भोवती, कापलेल्या डब्याच्या आतून फिरवलेली मऊ नळी. चाकं नळी दाबत पुढे सरकतात, तसं पाणीही सरकतं.

"आतडं घास ढकलतं ना, तसंच," ती म्हणायची. "घासाला कळत पण नाय."

मोटर उलटी फिरवली की पाणी टाकीतून पुन्हा शेजारच्या पिंपात जायचं. पहिल्या तीन नळ्या फाटून घरभर चिखल झाला होता, हे ती कौतुकाने सांगायची. मी एकदा विचारलं, "आंटी, जरा जोरात नाही का चालवता येणार?"

"घाई तुझ्या पत्रकात कर. खाडीला सहा तास लागतात."

पुढे खाडीच्या एका फाट्याला दार बसवून तिथे नौकाविहाराचं तळं करायची योजना आली. बारा महिने भरलेलं पाणी, काठाला बाकडी. मी पेटून उठले. सोमवारी सुनावणी होती. आदल्या दिवशी आंटी बारशाला कल्याणला निघाली, तेव्हा घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "तीनला खटका उलटा कर. दगड उघडा राहायला पायजे. इसरू नको."

मी तिच्याच टेबलावर पत्रक लिहायला बसले. वाक्यांमागून वाक्यं सुचत गेली. मान वर केली तेव्हा साडेसहा झाले होते. पाणी काचेच्या झाकणाला टेकलं होतं. तीन निवट्या उलट्या पडल्या होत्या. चौथी झाकणाच्या फटीला तोंड लावून कशीबशी श्वास घेत होती. मी खटका उलटा केला, झाकण काढलं आणि रडले.

आणि मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. मेलेल्या निवट्यांचा फोटो काढला आणि त्याखाली छापायला कागदावर ओळ लिहिली: 'खाडीच्या विषारी पाण्याचे बळी.'

आंटी आली. मी विसरल्याचं सांगितलं. ती रागावली नाही. तिन्ही निवट्या तिने पेपरवर ओळीने ठेवल्या. मग तिची नजर माझ्या कागदावर गेली.

"पाणी खाडीचंच आहे. मीच आणलं. सहा महिने जगल्या त्यात. पाण्यानं कुठं मारल्या?"

"पण आंटी, उद्या लोकांना काहीतरी..."

"काय झालं ते लिही."

"मासा बुडून मेला असं लिहू? लोक हसतील."

"हसूदेत. खोट्यावर रडण्यापरीस बरं."

कागद फाडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या फाट्याला दार बसलं की तिथलं पाणी कधी उतरणारच नाही. चिखल उघडा पडणार नाही. माझ्या हातून टाकीत जे झालं, तेच तिथे ठरवून, नकाशा काढून होणार होतं.

सुनावणीत मी वाचलं: "काल माझ्या चुकीने तीन निवट्या बुडून मेल्या. पाणी चांगलं होतं. पण ते उतरलं नाही." मागच्या रांगांत खसखस पिकली. मंचावरचे साहेबही हसले. "मॅडम, मासा कधी बुडतो का?"

शेवटच्या खुर्चीवरून आंटी उठली. आयुष्यात कधी ती माइकवर बोलली नव्हती; तेव्हाही माइकशिवायच बोलली.

"बुडतो, साहेब. माझ्या घरी अजून एक उरलीय. पण तुमची खात्री पटावी म्हणून तिला मी बुडवणार नाय."