अक्कांनी न सांगितलेलं नाव

मी इंजिनिअर माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा. म्हणूनच हे आजवर बायकोलाही सांगितलं नाही...

साल १९६२. पुण्याहून बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला आलो होतो. कानडी येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. मल्लेश्वरमला अक्कांकडे भाड्याने खोली मिळाली. अक्का मूळच्या निपाणीच्या, साठीच्या, एकट्या. संध्याकाळी भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. त्यांचे यजमान ब्रह्मदेशात लाकडाच्या वखारीत कारकून होते. युद्धात जपानी सैनिकांनी हेरगिरीच्या संशयावरून त्यांचं गाव पेटवलं, माणसं मारली. यजमानही गेले. अक्का बाजाराला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

एका रविवारी दुपारी त्या माझ्या दारात आल्या.

"तुझ्याकडं टायपरायटर आहे न्हवं? इंग्रजीत एक अर्ज लिहून दे. युद्धाचे मोठमोठे खटले झाले म्हणं. आमच्या गावाचं कुणी विचारलंच नाही. मी मेले की कोण सांगणार?"

"अक्का, वीस वर्षं झाली आता..."

"मेलेल्यांना वीस काय नि शंभर काय. तू लिही."

त्या मेलेल्यांची नावं आणि वयं सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. चौदा माणसं. शेवटी यजमान. "सरी, झालं," त्या कानडी ढंगात म्हणाल्या.

मी कागद काढून वाचून दाखवू लागलो. यजमानांच्या नावाखाली आणखी एक ओळ होती — मी तीही वाचून गेलो.

"सुमती, वय सहा."

अक्का भिंतीला टेकल्या. "हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही! मी टाइपही केलं नव्हतं. कार्बनच्या प्रतीवरही तीच ओळ.

त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझी मुलगी. गाढ झोपली होती, म्हणून बाजाराला नेलं नाही... मूलबाळ नव्हतं, असंच सगळ्यांना सांगत आले मी."

"खोडू का, अक्का?"

"नको. बापाजवळ आहे. असू दे."

युद्धगुन्ह्यांचं काम पाहणाऱ्या एका परदेशी कचेरीला अर्ज गेला. 'हे आमच्या अखत्यारीत येत नाही' असं दोन ओळींचं उत्तर आलं. अक्कांनी दुसरीकडे लिहायला लावलं, मग तिसरीकडे.

ती ओळ कुठून आली? मशीन तपासलं, स्वतःलाही हजारदा तपासलं. आज पंच्याऐंशीव्या वर्षीही उत्तर नाही. एवढंच सांगतो — पुढच्या प्रत्येक अर्जात सुमतीचं नाव अक्का स्वतः सांगायच्या... सगळ्यांच्या आधी.