जपानच्या मुलीचा कैवार

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकाच मुलीची बाजू घेतली, आणि ती होती जपानच्या सम्राटाची मुलगी. हे मी रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. पुढे कुठेतरी मी शांत होईन, समंजस होईन, अशी वाट कुणी बघू नये.

आई गेल्यावर बाबांना मी दोह्याला घेऊन आले. तिथल्या बिन महमूद भागात आमचं दोन बेडरूमचं घर आहे. नवरा, मी आणि सहावीतली मुलगी. मी एकुलती एक, म्हणजे आणणार तरी दुसरं कोण? त्याच्या आधी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता ते बोलतात ते कुजबुजल्यासारखं, तेही अगदी तोंडाजवळ कान नेला तर कळतं. फोनवर तर काहीच पोचत नाही. मग ते माझ्या कानात सांगतात आणि मी पलीकडच्याला मोठ्याने सांगते.

दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर एवढं काही नव्हतं. पण बाबांचं सगळं होतं ते आवाजावरच. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गाऱ्हाणं म्हणजे अख्ख्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं. पाऊसपाणी दे, लेकरांना सांभाळ, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. एकाने म्हणायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. बाबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की कर्ण्याची गरज लागत नसे. हा मान बापाकडून मुलाकडे जातो. बाबांना मुलगा नाही.

आता जपान. वेस्ट बेमध्ये माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक जपानी बाई आहे, ड्रॉइंग तपासते, माझ्याच वयाची. रमजानात आम्ही दोघी पँट्रीचं दार लावून गुपचूप डबा खातो आणि गप्पा मारतो. तिनेच मला तिकडची रीत सांगितली. सम्राटाला एकच मुलगी, पण गादी तिला नाही. गादी जाणार सम्राटाच्या भावाकडे आणि मग पुतण्याकडे. तरुण पिढीत तेवढा एकच मुलगा. राजघराण्यातल्या मुलीने साध्या माणसाशी लग्न केलं की ती घराण्यातून बाहेर, नावापुढचं सगळं खलास. आणि आता घराण्यात माणसंच उरली नाहीत म्हटल्यावर तिथले शहाणे म्हणतायत, मुलींना लग्नानंतरही घराण्यात राहू द्या, पण नवरा आणि पोरं मात्र साधीच राहू देत. नाहीतर जुन्या तुटलेल्या शाखांमधून कुणीतरी पुरुष दत्तक आणा. ती हे सांगताना हसत होती, पण भाताचा डबा तिने अर्धाच खाल्ला.

रमजानात ऑफिस लवकर सुटतं. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं, सहज, वेळ जावा म्हणून. ते असे काही पेटले की विचारू नका! “खयचो कोण उचलून हाडतले, आणि घरच्या चेडवाक भायर घालतले?” ते माझ्या कानाशी घशातून खरवडून बोलत होते. चेडू म्हणजे मुलगी. “लोकांका ती होयी असा मां? मगे अडवता कोण?” त्यानंतर रोज दुपारी तोच विषय. मोबाईलवर जपानच्या बातम्या शोधून ठेवायचे, मी चपला काढते न काढते तोच पुढे करायचे. ती मुलगी कशी नम्रपणे वाकून नमस्कार करते, कशी शिकली आहे, कशी बापाशेजारी उभी राहते, सगळं मला दाखवायचे. नवरा म्हणाला, “बाबा, हळू. इथे कुणाच्याही गादीबद्दल बोलू नये.” बाबा म्हणाले, “जपान लांब असा. जपानाबद्दल बोलाक काय जाता?”

आणि मी मूर्ख. मला वाटलं, ते माझ्याबद्दल बोलतायत. उघड बोलायला जड जातंय म्हणून जपानच्या आडून बोलतायत. आमच्या घरात प्रेमाची गोष्ट सरळ कुणी बोलतच नाही, त्यामुळे असा अर्थ काढायची मला लहानपणापासूनची खोड.

त्याला कारणही होतं. हॉस्पिटलातल्या थेरपिस्टने बाबांना रोज काहीतरी म्हणायचा सराव करायला सांगितला होता. त्यांनी गाऱ्हाणं घेतलं. ते ओठ हलवायचे, आणि माझी मुलगी शेजारी बसून ते शब्द उचलून मोठ्याने म्हणायची. आधी गंमत म्हणून, मग हट्टाने. कुठे थांबायचं, कुठे चढवायचं, शेवटी लोकांना साथीसाठी जागा कशी सोडायची, सगळं त्यांनी तिला हाताच्या खुणांनी शिकवलं. ही शाळेतून आलेली पोर, एरवी एका वाक्यात चार इंग्रजी शब्द. पण गाऱ्हाणं म्हणताना मालवणी अशी निघायची की माझ्या अंगावर काटा यायचा. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना? बाबा त्या दिवशी खूप हसले. आवाज नव्हता हसण्याला, पण खांदे हलत होते.

तेवढ्यात गावाहून निरोप आला, शिमगा तोंडावर आलाय, गाऱ्हाणं कोण घालणार ते ठरवा. मी जेवताना बाबांना म्हटलं, “आपण सगळे जाऊ. तुम्ही पुढे उभे राहा, ही तुमच्या शेजारी उभी राहील. ओठ तुमचे, आवाज तिचा. मान तुमचाच राहील की.” मुलगी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. बाबा म्हणाले, “बगूया.” आमच्या घरात ‘बगूया’ म्हणजे हो. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा मागितली. जपानी मैत्रिणीला सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरले. मुलीने हिरवं परकर-पोलकं हवं म्हणून हट्ट धरला, तोही मी मान्य केला. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी देवळात बैठक होती. सुट्टीच होती, आम्ही सगळे घरी. चुलत भावाने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माईकपाशी धरला. सभामंडपात गावची पुरुषमंडळी मांडी घालून बसलेली. बायका नव्हत्याच. कुणीतरी विचारलं, “काका, तुमचा काय म्हणणा असा? तुम्ही सांगशात ता आमका मान्य.” मी बाबांच्या तोंडाजवळ कान नेला. मुलगी सोफ्याच्या हातावर बसली होती, पाय हलवत.

बाबा माझ्या कानात म्हणाले, “माझो मान मी पुतण्याच्या झिलाक दितंय.”

पुतण्या म्हणजे फोन धरून उभा असलेला माझा चुलत भाऊ. त्याचा झील म्हणजे मोबाईलच्या दुकानात बसणारा पोरगा, त्याला गाऱ्हाण्यातलं पहिलं वाक्यसुद्धा धड येत नाही. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी भुवया उडवल्या, सांग ना, असं. तिकडे सगळे थांबले होते. मी दुसरं काहीही बोलले असते तरी कुणाला कळलं नसतं. नातीचं नाव घेतलं असतं तर त्या क्षणी तरी तेच ठरलं असतं. माझ्या मनात आलं ते, लख्ख आलं.

पण मी म्हटलं, “बाबा म्हणतत, मान पुतण्याच्या झिलाक.”

माझाच आवाज कर्ण्यातून तिकडे देवळात घुमलेला मला इकडे ऐकू आला. सगळे एका सुरात ‘व्हय’ म्हणाले. बाबांनी परत माझी बाही ओढली आणि कानात पुढचं सांगितलं. तेही मी बोलले. “बाबा म्हणतत, तेका गाऱ्हाणा येणा नसात तर आमच्या चेडवाकडसून फोनवर शिकान घेऊ दे. तिका सगळा तोंडपाठ असा.” तिकडे हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “चेडवाक कशाक शिकवलास काका?” आणि बाबासुद्धा ओशाळं हसले. त्या हसण्याने माझ्या डोक्याची शीर उठली.

फोन बंद झाला. मुलगी म्हणाली, “बट आय नो इट, आजोबा.” एवढंच. रडली नाही. उठून आत गेली आणि दार लावलं, आपटलं नाही.

मी आपटलं असतं. मी विचारलं, “मग जपानचं काय? अख्खा महिना माझं डोकं खाल्लंत ना? लोकांना हवी, मग अडवतं कोण? कोण अडवतंय, बाबा?”

ते म्हणाले, “ता जपान. ह्यो आपलो गाव. थय माका जावचा असा. लोक हसले तर?”

“आणि मी? मी तुमची कोण?”

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, “तुका आमी दिली मां गो बाय. दिलेला परत कसा घेवचा?”

मायेने म्हणाले, हेच मला सहन होत नाही. चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. मी दिलेली, म्हणून मान माझ्याकडे यायचा नाही. पण औषध, पथ्याचं खाणं, हॉस्पिटलच्या फेऱ्या, रात्री उसळलेला खोकला, हे मात्र दिलेल्या मुलीकडेच आलं. त्या वेळी कुणाला पुतण्या आठवला नाही. पुतण्यालाही काका आठवला नाही. त्याने आजवर एकदा म्हटलं नाही, ताई, काकांना चार महिने माझ्याकडे पाठव. हे सगळं मी बाबांना बोलले, तोंडावर बोलले. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “तू चिडलंस.” जणू मला ताप आलाय!

ऑफिसात मैत्रिणीने विचारलं, काय झालं गावी? मी सांगितलं. ती म्हणाली की तिचे वडीलसुद्धा राजकन्येच्या बाजूने बोलतात, आणि घराण्याची कबर, जी तिकडे वारसाकडेच जाते, ती मात्र तिच्या धाकट्या भावाच्या नावावर केली आहे. आम्ही दोघींनी डबे बंद केले. मी रजेचा अर्ज मागे घेतला.

नंतरच्या शुक्रवारी चुलत भावाचा फोन आला. शिमग्याला आता थोडेच दिवस राहिले होते आणि पोरगा शिकायला बसला होता. व्हिडिओत बापलेक दोघेही, मागे देवळाची रंगरंगोटी चाललेली. “काका, लावा तुमच्या चेडवाक,” भाऊ म्हणाला. बाबांनी कपडे बदलले होते, केस नीट विंचरले होते. मुलीला हाक मारायला त्यांनी मला खूण केली. ती आली. आजोबांच्या शेजारी बसली, रोज बसायची तिथेच. पोरगा म्हणाला, “हा, सुरू कर गे. सावकाश बोल, मी रेकॉर्ड करतंय.”

मुलीने फोनकडे पाहिलं. “माका येणा नाय,” ती म्हणाली. अगदी स्वच्छ मालवणीत.

“अगो, काका म्हणालले तोंडपाठ असा म्हणान?” भाऊ मधेच म्हणाला.

“नाय. माका कायच येणा नाय.”

बाबा एकदम सरसावले. मान हलवायला लागले, हाताने नाही-नाही करायला लागले, घशातून नुसता वारा. मग माझी बाही धरून मला जवळ ओढलं. मी कान नेला. ते धापा टाकत म्हणाले, “सांग तेंका. सांग, तिका येता. खोटा बोलता ती. सगळा येता तिका, सांग गो.” पुन्हा म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, बिलकूल न हलता.

तिकडून भावाने विचारलं, “ताई, काका काय म्हणतत?”

मी म्हटलं, “काय नाय. आवाज येणा नाय तेंचो.”