चेंडू कोणी फेकायचा?

माझ्या साडूंइतका गंभीर माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. गंभीर म्हणजे दुःखी नव्हे, आणि खडूस तर नव्हेच नव्हे. पण हसण्यावारी न्यायच्या गोष्टी वेगळ्या आणि मनावर घ्यायच्या वेगळ्या, ही जी वाटणी आपण सगळे लहानपणीच उरकून टाकतो, ती करायची त्यांची राहूनच गेली. कोथिंबीर निवडायला बसले तरी आधी चष्मा पुसतात. बाहेर पडताना छत्री घ्यावी का, असं कोणी सहज विचारलं तर पाच मिनिटं आकाशाकडे बघून उत्तर देतात, आणि ते चुकलं तर संध्याकाळी फोन करून माफी मागतात. इथल्या लहरी डच हवेत असं वागायचं म्हणजे रोजच कोणाची तरी माफी मागावी लागते. ते मागतात.

या गांभीर्याचा कळस म्हणजे एका अमेरिकन कॉलेजची फुटबॉलची टीम. साडू आइंडहोवनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावात राहतात, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहेत, आणि इथे येऊन त्यांना वीस वर्षं झाली. पण त्याआधी दोन वर्षं ते अमेरिकेत शिकले, आणि त्या कॉलेजच्या टीमला आजतागायत ‘आपण’ म्हणतात. “शनिवारी आपण हरलो,” असं ते फोनवर इतक्या जड आवाजात सांगतात, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीत बसूनच घेतलं होतं. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा, तो. आणि दर डावाला तो चेंडू हातात घेऊन, कोणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. साडूंनी हे मला आमच्याच डीमन गावातल्या घरी, जेवणाच्या ताटात, काकडीच्या चकत्या आणि गाजराचे तुकडे मांडून समजावलं होतं. जेवण निवून गेलं, पण समजलं. सासूबाईंना त्यांनी व्हिडिओ कॉलवर समजावलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे हा नुसता ठरवतो. मग त्यासाठी एवढं मैदान कशाला?” साडूंनी या प्रश्नावरही दोन दिवस विचार केला.

या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, बेस्टच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना. साताऱ्याहून थेट तिकडे गेलेला तेविशीतला मुलगा. पहिले दोन महिने प्रयोगशाळेबाहेर कोणाशी धड बोलणं नाही. एका शनिवारी कोणीतरी तिकीट दिलं म्हणून मॅचला जाऊन बसला, तर थंडीने दात वाजायला लागले. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने काहीएक न विचारता आपलं ब्लँकेट सरकवलं आणि त्याच्याही गुडघ्यांवर घातलं. “तेवढ्यावर मी त्या टीमचा झालो,” साडू म्हणाले. त्या वर्षीचा क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षात शिकणारा होता. तीन मॅच वाईट गेल्या आणि कोचने त्याला बसवून नव्या पोराला घेतलं. पुढच्या सोमवारी साडूंना तो मेसमध्ये दिसला. एवढ्या मोठ्या मेसमध्ये एकटाच जेवत होता. “मला त्याच्यापाशी जायचं होतं, साडूबुवा. काय बोलावं त्याचं वाक्य मनात जुळवत बसलो. तेवढ्यात तो ताट घेऊन उठला.”

तेव्हापासून जुना की नवा असा वाद कुठेही निघाला की साडू जुन्याच्या बाजूने. आणि वाद तर दर वर्षीच निघतो. त्याच कॉलेजात शिकलेल्या एक अमेरिकन बाई फोरबर्गला राहतात. डच माणसाशी लग्न करून आलेल्या, शाळेत शिकवून आता निवृत्त झालेल्या. तिकडे दुपारी मॅच सुरू होते तेव्हा इकडे संध्याकाळचे सहा वाजतात, आणि त्या टीमचे देशभर विखुरलेले पाच-सहा भक्त बाईंच्या दिवाणखान्यात जमतात. साडूंबरोबर अधूनमधून मीही जातो. नात्याने जातो, श्रद्धेने नाही. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी टीममध्ये चौथ्या वर्षाचा एक क्वार्टरबॅक होता, खांदा दुखावलेला, आणि पहिल्या वर्षाचा एक पोरगा होता, ज्याचा चेंडू म्हणे बघत राहावा. साडू चौथ्या वर्षाच्या बाजूने, बाई पहिल्या वर्षाच्या. सप्टेंबरात सुरू झालेला वाद नोव्हेंबरापर्यंत इतका पेटला, की टीव्हीवरची मॅच राहिली बाजूला आणि लोक या दोघांकडे बघू लागले.

“निष्ठा फार सुंदर गोष्ट आहे,” बाई एकदा म्हणाल्या, “पण ती चेंडू फेकत नाही.”

साडू उभे राहिले. बसून बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हतीच. “चेंडू हात फेकतो, कबूल. पण तीन वर्षं ज्याने अंगावर मार घेतला त्याला तुम्ही एका दुखऱ्या खांद्यासाठी बाकावर बसवलंत, तर उरलेल्या दहा जणांनी तुमच्यासाठी पळायचं कशाला?”

यानंतर त्यांनी बाईंशी तीन शनिवार अबोला धरला. मात्र दर शनिवारी त्यांच्यासाठी पोह्यांचा चिवडा नेणं थांबवलं नाही. डबा टेबलावर ठेवायचे आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसायचे. बाईही तितक्याच मुकाट्याने रिकामा डबा धुऊन परत द्यायच्या.

आता मुक्ताबद्दल सांगायला हवं. मुक्ता म्हणजे साडूंची एकुलती एक मुलगी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये किंवा इंग्रजीत. ती अकरा वर्षांची असताना साडूंना आइंडहोवनजवळ मुलांचा फ्लॅग फुटबॉल शिकवणारा एक लहानसा क्लब सापडला. यात मारामारी नसते. कमरेला दोन फिती लावायच्या, समोरच्याने फीत ओढली की पळणं थांबलं. मुलं-मुली एकत्र खेळतात. वर्षभरात साडू तिथले कोच झाले, आणि मुक्ता क्वार्टरबॅक. बापाने वशिला लावला म्हणून नाही. सुरुवातीला जेमतेम पाचच मुलं होती, आणि चेंडू फेकायला त्यांतली दुसरी कोणी तयारच नव्हती. दर रविवारी बापलेक सायकलीवरून मैदानावर आधी पोचायची, ओल्या गवतावर खुणेचे शंकू मांडायची आणि सगळ्यांच्या शेवटी गोळा करून परतायची. अशी चार वर्षं.

पाचव्या वर्षी फेम्के आली. हँडबॉल सोडून आलेली, उंच, लाजाळू मुलगी. पहिल्याच रविवारी तिने फेकलेला चेंडू मैदानाच्या कडेच्या पॉप्लरच्या झाडांच्या रांगेपर्यंत गेला, आणि साडू त्याच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत असं मेव्हणी सांगते.

जूनमध्ये टीम फायनलला पोचली. तोपर्यंत दोघी आलटून पालटून खेळत होत्या. फायनलला सुरुवात कोण करणार, हा प्रश्न मात्र सगळ्या पालकांच्या तोंडी होता. मॅचच्या आदल्या संध्याकाळी मी आणि बायको बेस्टला मुक्कामाला गेलो, तर घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मुक्ता मैत्रिणीकडे गेली होती. साडू मागच्या बागेत हात मागे बांधून येरझारा घालत होते.

मेव्हणीने मला ऐकू जाईल अशा बेताने त्यांना विचारलं, “अरे, परक्याच्या पोरासाठी बाईंशी तीन आठवडे अबोला धरलास. स्वतःच्या पोरीसाठी एक शब्द नाही?”

“तोच तर प्रश्न आहे,” साडू म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले.

सकाळी न्याहारीला त्यांनी मुक्ताला सांगितलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. “आज फेम्के सुरुवात करेल.”

“वारोम?” मुक्ताने विचारलं. का?

“तिचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे.”

मुक्ताने हातातला ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. मग तिने जे विचारलं ते चक्क मराठीत विचारलं. शब्द शोधत, अडखळत, पण मराठीत. “त्या चौथ्या वर्षाच्या मुलाचा हात पण चांगला नव्हता, बाबा. मग त्याच्यासाठी का भांडलास?”

साडूंनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता एखादं लांबलचक स्पष्टीकरण येणार.

“तो माझा कोणी लागत नाही म्हणून,” ते म्हणाले.

मुक्ता उठून वर गेली. मेव्हणीने तिचं ताट उचललं. साडूंनी आपला ब्रेड संपवला, कारण पानात टाकायचं नाही हा त्यांचा नेम आहे. 

मैदानावर फेम्के घाबरली. तिचे पहिले दोन्ही लांबचे चेंडू समोरच्या टीमने झेलले आणि अर्ध्या खेळापर्यंत आम्ही दोन टचडाउननी, म्हणजे दोन गोलांनीच म्हणा, मागे पडलो. आम्ही म्हणजे कोण, हे मला विचारू नका. त्या दिवशी मीही ‘आम्ही’ म्हणत होतो. पालक साडूंभोवती जमले. एका बापाने तर स्पष्टच म्हटलं, “तुमची मुलगी तिथे नुसती उभी आहे. कोणाला काय दाखवून देताय?”  साडू तिथून निघून मुक्ताजवळ गेले. मी पाणी घेऊन जवळच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“जातेस?”

मुक्ताने मैदानाकडे पाहिलं. फेम्के गवतावर गुडघ्यांत मान घालून बसली होती. “नको,” मुक्ता म्हणाली. पुढचं इंग्रजीत म्हणाली. आत्ता तिला काढलंस तर ती परत कधी चेंडू हातात धरणार नाही, असं काहीसं. आणि मग स्वतःच चालत जाऊन फेम्केच्या शेजारी बसली. दोघी काय बोलल्या ते कळलं नाही. मुक्ता समोरच्या टीममधल्या एका मुलाकडे बोट दाखवत होती, हाताने डावी-उजवीकडे खुणा करत होती. फेम्के आधी नुसतीच मान हलवत होती, नंतर विचारायला लागली.

दुसऱ्या अर्ध्यात फेम्के सुरेख खेळली. तरी आम्ही एका टचडाउनने हरलो. शेवटचा चेंडू एका मुलाच्या बोटांना लागून खाली पडला, आणि संपलं. फेम्केचे आईवडील येऊन साडूंशी हात मिळवून गेले. 

मुक्ताने फेम्केवर कधीच राग धरला नाही. फेम्केने काही केलंच नव्हतं. केलं होतं ते बाबाने. पुढचे कितीतरी आठवडे ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली, आणि तेही डचमध्ये. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिने क्लब सोडला. साडू दर रविवारी एकटेच सायकलवर जात राहिले. शंकू मांडायला आता इतर मुलं होती, पण ती उशिरा यायची, आणि साडू आपले पावसात वाकून एकेक शंकू ठेवत असायचे.

त्या शरद ऋतूत फोरबर्गला पुन्हा सगळे जमले. चौथ्या वर्षाचा तो मुलगा शिकून बाहेर पडला होता, पण टीमने दुसऱ्या कॉलेजातून एक नवाच क्वार्टरबॅक आणला होता, म्हणजे वाद पुन्हा ताजा. बाईंनी सवयीने साडूंकडे मोहरा वळवला आणि विचारलं, “हं, सुरुवात कोणी करावी?”

“कोच बघेल,” साडू म्हणाले.

मी चिवड्यासाठी बशा आणायला उठलो. बाई माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्यांची तब्येत बरी आहे ना? डॉक्टरांना दाखवलं का?” मी त्यांना मैदानावरची सगळी हकीकत सांगितली. त्या ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी साडूंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि पूर्ण मॅच तिथेच बसून पाहिली. दोघं एक शब्दही बोलले नाहीत. मात्र हा अबोला नव्हता.

तीन वर्षं अशीच गेली. मुक्ता शिकायला ग्रोनिंगनला गेली, तेव्हा साडूंनी तिच्या खोलीचे पडदे बसवून दिले, सायकलची ब्रेकची तार बदलली, आणि गाडीत बसताना फक्त “जपून” म्हणाले. ती हो म्हणाली. फोन आईलाच यायचा. बाबाची चौकशी व्हायची, बाबालाही कळायचं की झाली.

मागच्या महिन्यात आम्ही बेस्टला गेलो होतो. दुपारचा चहा टेबलावर आला होता आणि साडू मला एका डावाची गुंतागुंत बिस्किटं मांडून सांगत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुक्ताचा होता. आईच्या नव्हे, त्यांच्या फोनवर. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग उचलला. गडबडीत स्पीकर चालू झाला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ती तिकडे लहान मुलांना फ्लॅग फुटबॉल शिकवायला लागली होती. कधीपासून, ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं. मराठी, इंग्रजी, डच सगळं एकत्र करून ती म्हणाली, “बाबा, माझ्याकडे दोन मुलं आहेत. एक पहिल्यापासून आहे, एक नवीन आहे. शनिवारी मॅच आहे. कोणाला सुरुवात करायला देऊ?”

मेव्हणीच्या हातातली किटली तशीच राहिली. साडूंनी टेबलावरची बिस्किटं हाताने हळूच बाजूला सारली.

“दोघांची नावं काय आहेत?” त्यांनी विचारलं.

मग स्पीकर बंद करून ते फोन कानाला लावून मागच्या बागेत गेले. काचेच्या दारातून ते आम्हाला दिसत होते. बाग तरी केवढी, चार पावलांत संपते. ते एका जागी उभे होते, मान खाली घालून. मला वाटलं होतं, आता हातवारे सुरू होतील, बोट वर होईल, शेवटी ते मोठं भाषण येईल. तसं काही झालं नाही. त्यांचे ओठ हललेच नाहीत. ते नुसते ऐकत होते. मेव्हणीने त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवली आणि आम्ही तिघं चहा प्यायलो. अर्धा तास झाला असेल, पाऊण तास झाला असेल. भुरभुर पाऊस सुरू झाला, तरी ते आत आले नाहीत.