तळ्याखालचा गाळ

विस्कॉन्सिनमधलं आमच्या गावचं तळं पिठाच्या गिरणीसाठी नदी अडवून बांधलेलं. गिरणी केव्हाच बंद पडली, बंधाऱ्याला भेगा गेल्या. शेवटी ठरलं, की बंधारा काढायचा आणि तिथे पूर्वीसारखी पाणथळ जागा होऊ द्यायची.

माझी शेजारीण आर्लिस त्वेइट तेव्हा सत्तरीला टेकली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेली, कुणाला न भिणारी बाई. भ्यायची ती फक्त गाळाला. तिच्या लहानपणी एकदा डागडुजीसाठी पाणी उतरवलं, तेव्हा घरची गाय तिच्या डोळ्यांदेखत गाळात गेली होती.

गावच्या सभेत ती उठून म्हणाली, "पाण्याखाली काय आहे, ते तुम्ही पाहिलेलं नाही."

"डास असतील!" पलीकडच्या घरातला व्हर्लिन हाउगे ओरडला. लोक हसले.

ऑक्टोबरात बंधाऱ्याचं दार उचललं. पाणी रोज मागे सरे आणि काळाकुट्ट, कुजका वास मारणारा गाळ उघडा पडे. आर्लिसने तळ्याकडचं मागचं दार कुलूप लावून बंदच केलं.

तरी उघड्यावर पडलेले जिवंत शिंपले वेचून नदीत सोडायला ती आमच्याबरोबर आली. "मरू कसे देणार त्यांना?" म्हणायची, पण गाळावर टाकलेल्या फळीवरून पाय खाली ठेवायची नाही.

एका दुपारी व्हर्लिन फळी सोडून चार पावलं पुढे गेला आणि कमरेपर्यंत रुतला. आधी हसला. मग छातीपर्यंत गेला, तेव्हा हातपाय झाडायला लागला. किनाऱ्याला बांधकामवाल्यांची शिडी होती. ती मी गाळावर आडवी सरकवली, पण माझ्या वजनाने ती दबायला लागली.

आर्लिस पांढरीफटक पडली होती. "तू जा, अग्निशामकवाल्यांना बोलाव," मला म्हणाली, आणि शिडीवर पालथी पडून सरपटत निघाली.

"परत जा गं!" व्हर्लिन कसाबसा म्हणाला.

"गप. हातपाय हलवू नकोस. आमची गाय धडपडली म्हणून गेली."

आम्ही दोर घेऊन पोचलो, तेव्हा तिने दोन्ही मुठींत त्याची कॉलर धरली होती. हनुवटी गाळात, डोळे गच्च मिटलेले. व्हर्लिनला ओढून काढल्यावरही तिची बोटं सुटेनात.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे लव्हाळा माजला, क्रौंचांची जोडी उतरली. व्हर्लिन धुरी दिलेला मासा घेऊन तिच्या मागच्या ओसरीवर आला.

"चल, जवळून बघू. आता लाकडी वाट केली आहे."

"दिसतंय की इथून. छान आहे," आर्लिस म्हणाली. तिचे हात मात्र खुर्चीला घट्ट धरून होते. "तू जा. मी पायरी उतरणार नाही."

आणि ती कधीच उतरली नाही.